डब्याची मागची बाजू

तुम्ही गाडीत तेल घालून घेता तेव्हा तेलाचा डबा फिरवून त्याची मागची बाजू वाचता का? नाही ना? मग एचएसआर लेआउटमधल्या माझ्या घरमालकांनी तुम्हाला घर दिलंच नसतं. दिलं असतं तरी आधी जिन्यात उभं करून चांगलं झापलं असतं, आणि तेही मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत, एका दमात.

मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले तेव्हा घर शोधून शोधून मेटाकुटीला आले होते. जो तो विचारायचा, कंपनी कुठली, लग्न झालंय का, घरात मासे करता का. हे गृहस्थ फाटकातच उभे होते. पांढरी लुंगी, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. मला आपादमस्तक बघितलं नाही, माझ्या मागे उभ्या असलेल्या गाडीला बघितलं आणि म्हणाले, "बॉनेट उघड बघू."

मला वाटलं, पार्किंगचं काहीतरी असेल. उघडलं. त्यांनी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, डिपस्टिक खेचली, म्हणजे इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी ती लांब पट्टी हो, रुमालाला पुसली, परत घातली, परत काढली, नाकाशी नेली. डोळे मिटून वास घेतला.

"मागल्या खेपेला तेल कुणी घातलं?"

"सर्व्हिसिंगला दिली होती. त्यांनीच घातलं असेल."

"डबा बघितलीस?"

"डबा कोण बघतं, काका?"

त्यांचा चेहरा असा पडला की मीच घाबरले, म्हटलं गेलं हेही घर. मग दीर्घ श्वास सोडून म्हणाले, "घर देतो. पण गाडीची दशा सुधारायला पाहिजे. आणि काका न्हाई, अण्णा म्हण."

असे आमचे अण्णा! मूळचे बेळगावकडचे, पण तरुणपणीच बेंगळुरूला आलेले. तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या विभागाचे साहेब होते. इंजिन बाकावर बांधायचं, दिवसच्या दिवस धडधडत ठेवायचं, त्यावर ओझं टाकायचं, तापवायचं, आणि मग उघडून बघायचं की आत काय काय झिजलं. आयुष्यभर हेच केलं. बोलणं साहेबाचंच होतं. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. गच्चीवर ते अक्कांना "चहा झाला का?" विचारायचे आणि शेजारच्या बिल्डिंगीतले लोक "आमचा झाला" म्हणायचे.

अक्का म्हणजे त्यांची बायको. अक्का स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असं बोलायच्या, बेळगावकडच्या बायका बोलतात तसं. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी चमकून मागे बघायचे, की आता कोण आलं!

अण्णांची एक ठाम श्रद्धा होती. ज्या कंपनीनं गाडी बनवली, तिनं ज्या तेलाला लेखी मान्यता दिली आहे तेच तेल गाडीत जायचं. दुसरं थेंबभरही नाही. एका रविवारी त्यांनी मला गच्चीवर बोलावून तीन रिकामे डबे पुढ्यात मांडले.

"पुढली बाजू बघू नकोस. पुढं नुसती चित्रं असतात, वाघ, घोडा, आग. मागं वाच." पहिला डबा फिरवला. "हे बघ, इथं गाडीवाल्या कंपनीचा मान्यतेचा नंबर हाय. म्हणजे त्यांनी हे तेल घेतलं, स्वतःच्या इंजिनात चालवलं, इंजिन फाडून बघितलं, आणि मग होय म्हटलं. आता दुसरा. 'अमक्या निकषात बसते.' बसते म्हणून कोण म्हणतो? तेलवाला म्हणतो! आणि हा तिसरा, 'सर्व गाड्यांसाठी योग्य'. हे म्हणजे मुलाच्या मामानं मुलगा गुणी हाय म्हणून सांगितल्यासारखं झालं!"

आतून अक्कांचा आवाज आला, "तुमचं स्थळ घेऊन तुमचा मामाच आला होता. मी कुठं नंबर बघत बसलो? तसाच आलो की!"

अण्णा डबा खाली ठेवून म्हणाले, "तो भाग येगळा."

ही मागची बाजू वाचायची खोड तेलापुरती राहिली असती तर ठीक होतं. अण्णा सगळंच मागून वाचायचे. बिस्किटाचा पुडा मागून, औषधाची पट्टी मागून. कुणी लग्नपत्रिका दिली की ते ती आधी उलटी करायचे, आणि मागे छापखान्याचं नाव वाचून मग वधूवरांकडे वळायचे. रिक्षात बसायच्या आधी तर विचारूच नका. रिक्षावाल्याला खाली उतरवून तेल बघायला लावायचे. आमच्या चौकातले रिक्षावाले इतके तयार झाले होते की अण्णा दिसले की स्वतःच हसत सीट उचलायचे, "सर, फर्स्ट चेक माडी, आमेले हत्ती!" म्हणजे आधी बघा, मग चढा. बसनं मात्र ते कधीच जात नसत. "ज्या गाडीचं तेल मला बघू देत न्हाईत त्या गाडीत मी बसायचं कसं?" हा त्यांचा सवाल. आता काय उत्तर द्यायचं, सांगा!

खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत. बिल्डिंगीतल्या प्रत्येक गाडीतून काढलेलं थोडं थोडं जुनं तेल. सकाळच्या उन्हात ते धरून बघायचे. बरण्या अर्थातच अक्कांच्या लोणच्याच्या. अक्कांनी कितीदा तरी त्या तेलासकट फेकायची धमकी दिली. फेकल्या मात्र कधीच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा विक्षिप्त होता, चालायचंच. अहो, थांबा! माझी गाडी वाचवली त्यांनी.

झालं असं. चौकातल्या गॅरेजमध्ये मी सर्व्हिसिंगला गाडी टाकली होती. गॅरेजवाला भला माणूस. त्यानं तेलाचा डबा फोडला, नरसाळं लावलं, आणि तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून आरोळी आली, "स्वल्प तडी!" म्हणजे जरा थांब. अण्णा! एका हातात लुंगीचा सोगा, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, ट्रॅफिकमधून धावत येतायत. आले ते थेट नरसाळंच उपटलं.

"अण्णा, ग्रेड तोच आहे," गॅरेजवाला म्हणाला. त्याला हिंदी, कानडी, मराठी सगळं थोडं थोडं यायचं. "गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तोच ग्रेड!"

"ग्रेड म्हणजे जाडी!" अण्णा ओरडले. "जाडी जुळली म्हणून झालं काय? माझी चप्पल आणि पैलवानाची चप्पल एकाच मापाची हाय. म्हणून मी कुस्ती धरू?"

गॅरेजमध्ये गर्दी जमली. अण्णांनी मला, त्याला आणि जमलेल्या सगळ्यांनाच सांगितलं की माझ्या गाडीच्या इंजिनात एक रबरी पट्टा असतो, तो कायम तेलात भिजून फिरतो, आणि त्या पट्ट्याला चालेल असंच तेल कंपनीनं मान्य केलंय. दुसऱ्या तेलात पट्टा फुगतो, त्याचे तुकडे पडतात, तुकडे जाळीत अडकतात, आणि मग इंजिनाला तेलच पोचत नाही. "मग बसा बोंबलत!" गॅरेजवाल्यानं तेल ओतायच्या तोंडातून आत बॅटरी मारली. मी वाकून पाहिलं. पट्ट्याच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. मागे कुणीतरी, कुठल्या तरी शहरात, 'सर्व गाड्यांसाठी योग्य' घातलं होतं.

त्याच आठवड्यात मी त्या गाडीनं एकटी पुण्याला निघणार होते! गॅरेजवाल्यानं पट्टा बदलला, अण्णांनी सांगितलेलं तेल मागवलं, आणि त्या दिवसापासून तोही डबे फिरवून वाचायला लागला.

पण खरं सांगू का, अण्णा अर्धेच बरोबर होते. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगायचे, आणि आमची कडाक्याची भांडणं व्हायची. माझ्या गाडीसारख्या नाजूक, नव्या इंजिनाला मान्यता लागते, कबूल. वॉरंटीत असलेल्या गाडीला लागते, तेही कबूल. पण साध्या जुन्या स्कूटरला? ग्रेड बरोबर, डब्यावर नेहमीच्या मानकाचा शिक्का, झालं की! गॅरेजवाल्याची जुनी स्कूटर कित्येक वर्षं असल्याच तेलावर एचएसआरभर हिंडत होती. अण्णांना हे पटायचं नाही. स्कूटर समोरून गेली की ते मान फिरवायचे.

एकदा तर त्यांनी अक्कांचं शिलाई मशीन बंद पाडून ठेवलं. का, तर मशीनवाल्या कंपनीनं सांगितलेलं तेल आता मिळत नाही, कारण कंपनीच राहिली नाही! मशीनवर कितीतरी महिने चादर पडून होती. शेवटी एका दुपारी अण्णा झोपलेले बघून अक्कांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मशीनच्या तेलाची साधी बाटली आणली, चार थेंब सोडले, आणि खडखड खडखड मशीन सुरू! मी तिथेच होते, ब्लाउज शिवून घ्यायला. अण्णा दारात येऊन उभे राहिले. अक्कांनी बाटली पदराआड सरकवली. ते बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज बरा हाय," आणि परत जाऊन झोपले.

तेव्हा मला हसूच आलं होतं. पण ब्लाउजला हुक लावता लावता अक्का एकदम म्हणाल्या, "एवढंच लेकीच्या वेळेला केलं असतं तर."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक बेळगावजवळच्या गावात शाळेत खेळाची शिक्षिका. तिनं स्वतःच्या कमाईनं घर बांधलं. वास्तुशांतीला आईवडील निघाले, स्वतःच्या गाडीनं अर्थात. राणेबेन्नूरजवळ तेल कमी झालेलं दिसलं. बाजारात तेल होतं, पण मान्यतेचं नव्हतं. अक्कांनी हात जोडले, जावयानं फोनवरून समजावलं, पण अण्णा हलले नाहीत. बेंगळुरूहून कुणीतरी बसमधून डबा पाठवला, तो येईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला बसून राहिले. तिकडे लेकीनं भटजींना थांबवून धरलं, जमेल तेवढं थांबवलं. मुहूर्त टळला. अण्णा पोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या टेंपोत चढत होत्या.

"ती भांडली न्हाई," अक्का म्हणाल्या. "भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलायचीच थांबली बघ. फोन करते, पण मला करते. यांना 'आप्पा' म्हणून हाक न्हाई."

अण्णा रोज संध्याकाळी अक्कांचा फोन वाजायच्या वेळेला पेपर घेऊन शेजारच्या खुर्चीत का बसतात, आणि पेपरचं पान का उलटत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मला इतका राग आला ना त्यांचा! आणि इतकं वाईटही वाटलं.

मग तो फोन आला. मी वर अण्णांकडेच होते, अक्कांच्या हातची भाकरी खात. फोन नातीचा होता. ही पोरगी कुस्ती खेळते. आईनंच शिकवलेली. अक्कांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आज्जी, आज्जाला दे."

अण्णांच्या हातातला पेपर खाली पडला.

"आज्जा, यात्रेच्या मैदानात माझी कुस्ती लागलीय! जिल्ह्यात पहिली आलेली हाय ती, तिच्यासंगं! तू येणार न्हवं?"

अण्णा काही म्हणणार एवढ्यात मागून लेकीचा आवाज आला. शांत, अगदी साधा आवाज.

"येतील गं. तेल मिळालं तर."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

अक्का आधीच रेल्वेनं गेल्या. अण्णांनी रेल्वेलाही नकार दिला, कारण तेच, इंजिन लांब असतं, बघू देत नाहीत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, गाडी चालवायची मनाई. मला पुण्याला जायचंच होतं. म्हटलं, अण्णा, तुमची गाडी मी चालवते, तुम्हाला मैदानात सोडते आणि बेळगावहून बसनं पुढे जाते. ते इतके खूश झाले की निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं तेल बदललं. मान्यतेचं. वर एक जास्तीचा डबा डिकीत ठेवला. "आता काय बी होऊ दे," म्हणाले, "आपण तयार!"

पहाटे निघालो. तुमकूर गेलं, शिरा गाव आलं, आम्ही चहाला थांबलो. अण्णांनी सवयीनं डिपस्टिक काढली आणि त्यांचा चेहरा बदलला. तेल उतरलं होतं. गाडीखाली काळे थेंब. त्यांनी डिकीतला डबा ओतला आणि आम्ही पुढे निघालो. चित्रदुर्गाजवळ पुन्हा पाहिलं, पुन्हा खाली! आता डबा रिकामा.

रस्त्याकडेचा मेकॅनिक गाडीखाली शिरला, त्यानं उरलेलं तेल स्वच्छ भांड्यात काढलं आणि बाहेर येऊन तांब्याची एक चपटी चकती दाखवली. तेल सोडायच्या बोल्टखाली बसतो तो वॉशर. "हळेदु, सार," म्हणाला. जुना आहे. तेल बदललं की हा नवा घालायचा असतो, हे गॅरेजमधल्या पोरासोरांनाही माहीत. मी अण्णांकडे बघितलं.

"नवा मिळाला होता," अण्णा पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू ऐकला मी. "पण कंपनीचा नव्हता. म्हणून कंपनीचाच जुना परत लावलो."

बापरे! मला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. ज्याला वॉशरचं काही कळत नाही त्यानं मिळाला तो नवा लावला असता आणि तो आतापर्यंत धारवाडात जेवत असता!

मेकॅनिकनं सुट्या सामानाच्या डब्यातून नवीन वॉशर काढला. अण्णांनी विचारलं, "कुठल्या कंपनीचा?" तो म्हणाला, "तांब्याचा." मी म्हटलं, "बसव रे बाबा, मी सांगते." त्यानं वॉशर बसवला, भांड्यातलं तेल परत ओतलं. गळती थांबली. पण पट्टीवर तेल खालच्या खुणेला टेकतही नव्हतं. आणखी तेल हवंच होतं.

मग आमची वारी सुरू झाली तेलाच्या दुकानांतून. ट्रकांचा रस्ता तो, एकाशेजारी एक दुकानं. अण्णा आत शिरायचे, डबा फिरवायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे, वाचायचे, ठेवायचे. "बेड." नको. पुढचं दुकान. "बेड." ऊन चढायला लागलं. कुस्ती संध्याकाळची, बेळगाव अजून कुठच्या कुठे! माझं डोकं तापलं. मी गाडीतलं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि भर दुकानात मोठ्यानं वाचलं की अडचणीच्या वेळी मान्यतेचं तेल मिळालं नाही तर दुसरं चांगलं तेल एकदा थोडं घालायला हरकत नाही. "तुमची कंपनीच म्हणतेय, अण्णा! लेखी म्हणतेय!"

"ते वाक्य मला पाठ हाय," अण्णा म्हणाले. "ते ढिल्या माणसांसाठी लिहिलंय."

"मग तुम्ही बसा इथे ताठ! तेल कमी असताना इंजिन चालवलं तर काय होतं ते तुम्हीच मला शिकवलंत. आणि न चालवता इथे बसलात तर काय होतं, तेही तुम्हाला माहीत आहे!"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. नात.

"आज्जा, कुठं आलायस?"

"येतोय गं."

"लवकर ये की. ती आलीय बघ. लई दांडगी हाय. तिच्याकडं मेडल, सर्टिफिकेट, सगळं हाय. माझ्याकडं काय बी न्हाई."

अण्णांच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात ट्रकच्या तेलाचा डबा होता, उलटा धरलेला. मागे एक साधं मानक, एक ग्रेड, बस्स. मान्यता कुणाचीच नाही.

"मग काय झालं?" ते हळूच म्हणाले. "अंगावर ओझं पडल्यावर कळतं, कोण टिकतं ते. कागद कुस्ती खेळत न्हाई. तू धर. मी आलो."

फोन बंद केला. काही क्षण स्वतःच स्वतःचं बोलणं ऐकल्यासारखे थांबले. मग दुकानदाराला म्हणाले, "कोडी." दे.

मी उडीच मारली! पण त्यांनी मला ओतू दिलं नाही. स्वतः नरसाळं धरलं. तेल आत जाताना एकदा मान फिरवली, पट्टी काढली, पुसली, पाहिली. मग बॉनेट लावून त्याच्यासमोर हात जोडले आणि इंजिनाला म्हणाले, "क्षमिसु." माफ कर. दुकानदार माझ्याकडे बघतोय, मी आकाशाकडे.

त्यानंतर मी गाडी जी हाणली! दावणगिरी गेलं, हावेरी गेलं. अण्णा कान इंजिनाकडे लावून बसलेले. गाणी नाहीत, बोलणं नाही. चढ आला की सीटची कड घट्ट धरायचे. हुबळीच्या अलीकडे म्हणाले, "काय बोलत न्हाई की." म्हणजे इंजिन तक्रार करत नाही. धारवाड ओलांडलं आणि मी बाजूला बघितलं, तर अण्णा झोपलेले! चालत्या इंजिनाशेजारी हा माणूस निर्धास्त झोपला होता. मी आरशात बघून एकटीच हसत सुटले.

मैदानाजवळ आलो तेव्हा सूर्य कलला होता आणि हलगी कडाडत होती. "सुरू झाली! पळा, अण्णा, पळा!" मी गाडी बांधावर कशीबशी लावली आणि त्यांचा हात धरून गर्दीत घुसले. तांबड्या मातीत दोघी भिडलेल्या. समोरची खरंच दांडगी. तिनं आमच्या पोरीला खाली घेतलं, पाठीवर बसली, मानेत हात घातला. आता गेली, आता गेली! पोरगी मातीत रुतली, पण पालथीच राहिली, पाठ काही टेकू देईना. मग कशी कोण जाणे निसटली, उठली, आणि उलट तिचाच पाय धरला! अख्खं मैदान उठून उभं राहिलं. मी कुस्तीतलं ओ की ठो कळत नसताना घसा फोडून ओरडत होते. दोघींनी एकमेकींना सोडलं नाही, वेळ संपत आली, आणि पंचांनी दोघींचे हात वर केले. बरोबरी! जिल्ह्यात पहिली आलेल्या मुलीशी बरोबरी!

"टिकली!" अण्णा नाचत होते, लुंगीचा सोगा सोडून, टॉवेल फिरवत, इंजिनाच्या आवाजावर चढेल अशा आवाजात. "ओझ्याखाली टिकली! बघितलासा काय? टिकली!"

नात धावत आली आणि मातीसकट त्यांच्या गळ्यात पडली. पांढरा शर्ट लालभडक झाला. मी डोळे पुसत बाजूला झाले, तर बांधावर आमच्या गाडीशी कुणीतरी उभं होतं. लेक. मी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. तिनं बॉनेटवर तळहात ठेवला. अजून गरम होतं. अण्णा तिच्याकडे चालत गेले आणि थोडं अंतर ठेवून थांबले. दोघंही गाडीकडेच बघत.

"गाडी गळत होती?" तिनं विचारलं. मागल्या चाकाजवळ वाळलेला काळा ओघळ तिला दिसला होता. त्यांचीच लेक ती.

"व्हय. चित्रदुर्गापाशी तेल संपलं."

"मग? कुठलं घातलासा?"

अण्णांनी शर्टाला हात पुसले. लाल मातीवर तेलाचे काळे पट्टे उमटले.

"मिळालं ते," ते म्हणाले.

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. ती याच माणसाच्या घरात वाढली होती. या दोन शब्दांसाठी त्यांना काय मोजावं लागलं असेल ते मला समजायला एक अख्खा दिवस लागला होता, तिला क्षणही लागला नाही. तिनं पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले, पदरात घेतले आणि बोट नि बोट पुसायला लागली. अण्णा लहान मुलासारखे उभे राहिले.

मग मान वळवून, गर्दीपलीकडे उभ्या असलेल्या अक्कांना ऐकू जाईल अशा आवाजात, बापाच्याच आवाजात, ती ओरडली, "आई, पानं घे गं! आप्पा आलेत!"